क्रोसाँ सकाळी खायचा असतो

प्रश्न थोडक्यात सांगतो. त्रिमूर्तीनगरकडे राहणाऱ्या एका ताईंच्या घराजवळ फ्रेंच पद्धतीची नवी बेकरी निघाली आहे. रविवारी संध्याकाळी साडेसहाला त्या आईला घेऊन तिथे गेल्या. एक साधा क्रोसाँ (चंद्रकोरीसारखा, पापुद्र्यांचा पाव), एक चॉकलेट एक्लेअर (लांबट पोकळ कवचात क्रीम, वर चॉकलेट) आणि एक फळांचा टार्ट (बिस्किटासारख्या वाटीत क्रीम आणि वर फळं) घेतला. बिल साडेचारशेच्या घरात गेलं. घरी येऊन क्रोसाँ मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर तो आधी लिबलिबीत झाला आणि दोन मिनिटांत चिवट. टार्टचा तळ ओला निघाला. एक्लेअर बरं होतं, पण आतलं क्रीम गोडच लागलं नाही. आई म्हणाल्या, "एवढ्या पैशात महिनाभराची खारी आली असती न!" ताई विचारतात : आम्ही चुकीचं घेतलं, चुकीचं खाल्लं, की ही वस्तूच आपल्यासाठी नाही? आणि काउंटरसमोर उभं राहून चांगलं-वाईट ओळखायचं कसं?

ताई, वस्तू चुकली नाही, वेळ चुकली. सकाळी आठला केलेले पोहे संध्याकाळी सातला खाऊन कोणी तर्री-पोह्यांबद्दल मत बनवत नाही. क्रोसाँचंही तसंच आहे.

मी नागपुरात २२ वर्षं या कामात आहे. पहिली सात वर्षं इतवारीकडच्या एका जुन्या भट्टीवर खारी आणि टोस्ट केले, नंतर हॉटेलच्या किचनमध्ये क्रोसाँ आणि पफ पेस्ट्रीचं काम धरलं, आणि आता स्वतःचं लहान दुकान आहे. त्यामुळे आईंनी काढलेल्या खारीपासूनच सुरुवात करतो. त्यांची तुलना अगदी नेमक्या ठिकाणी बसते.

खारी आणि क्रोसाँ एकाच घराण्यातले. मैद्याच्या लादीत बटरचा किंवा तुपाचा थर ठेवायचा, घडी घालायची, लाटायचं, गार करायचं, पुन्हा घडी. (बटर म्हणजे इथे लोणी. खारीच्या बरणीशेजारी असतात ते कडक गोल बटर नव्हेत.) भट्टीत गेल्यावर पिठातल्या आणि बटरमधल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ थर उचलून धरते आणि पापुद्रे सुटतात. खारीला घड्या जास्त, थर पातळ, आणि ती पार सुकेपर्यंत भाजायची. पाणी उरलंच नाही म्हणून ती डब्यात महिनाभर टिकते.

क्रोसाँच्या पिठात यीस्ट असतं आणि घड्या कमी असतात. तीन पदरी घडी तीनदा घातली की ३ × ३ × ३, म्हणजे बटरचे २७ थर होतात. फ्रेंच पफ पेस्ट्रीत हीच घडी सहा वेळा घालतात, तेव्हा हिशेब ७२९ वर जातो. क्रोसाँला एवढे थर झेपत नाहीत. यीस्टमुळे पीठ फुगतं तेव्हा फार पातळ झालेले थर फाटतात, बटर पिठात मिसळतं आणि आतून नुसता पाव तयार होतो. नीट जमलेला क्रोसाँ बाहेरून खारीसारखा खुसखुशीत आणि आतून जाळीदार, मऊ, किंचित ओलसर असतो. सगळी मजा या आत-बाहेरच्या फरकात आहे, आणि हा फरक भट्टीतून काढल्यावर जेमतेम चार-पाच तास टिकतो. आतला ओलावा हळूहळू बाहेरच्या पापुद्र्यात उतरत जातो. संध्याकाळी बाहेरचं नरम पडलेलं असतं आणि आतलं कोरडं, म्हणजे दोन्ही सारखंच. तुमच्या हाती तोच पडला.

म्हणूनच फ्रान्समध्ये हा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीचा पदार्थ आहे. आपण जसं सकाळी नाक्यावरून दूध घेऊन येतो, तशी तिथली माणसं सकाळी क्रोसाँ आणि पाव घेऊन घरी जातात. पदार्थाचं आयुष्य लहान, म्हणून दुकान जवळ लागतं. तुमच्या घरापासून पाच मिनिटांवर अशी बेकरी आहे, ही गोष्ट तुम्हाला वाटते त्यापेक्षा मोठी आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नावाजलेल्या दुकानातून गाडीत तासभर हिंडून आलेल्या क्रोसाँपेक्षा जवळच्या साध्या बेकरीतला सकाळी साडेआठचा क्रोसाँ मी कधीही घेईन.

तसा हा पदार्थ मुळात फ्रेंच नाही. १८३० च्या दशकाच्या अखेरीस ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने पॅरिसमध्ये रू द रिशेलियू या रस्त्यावर व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली. तिथल्या चंद्रकोरीच्या आकाराच्या किप्फेर्ल नावाच्या पावाची पॅरिसकरांना गोडी लागली. आज आपण खातो तो पापुद्र्यांचा क्रोसाँ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंचांनी घडवला. १६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला घातलेला वेढा उठला, त्या विजयाची आठवण म्हणून हा आकार आला, अशी गोष्ट सांगतात. तिला कागदोपत्री आधार नाही. पण व्हिएन्नाचं नाव मात्र टिकलं. क्रोसाँ, चॉकलेटच्या कांड्या घातलेला पँ ओ शोकोला, बटर-अंड्याचा मऊ पाव ब्रिओश या सगळ्या वर्गाला फ्रेंच लोक आजही 'व्हिएन्नाचा माल' अशा अर्थाच्या शब्दाने ओळखतात. एक्लेअर, टार्ट, मिल-फॉय (पफ पेस्ट्रीच्या थरांमध्ये क्रीम) हा वेगळा वर्ग. आपल्याकडे पेस्ट्री म्हटलं की क्रीम लावलेल्या केकचा तिकोनी तुकडा डोळ्यासमोर येतो, त्यामुळे दोन्ही वर्ग एकाच काचेत शेजारी ठेवले की गिऱ्हाईक गोंधळतं. पहिला वर्ग सकाळी खायचा, दुसरा जेवणानंतर किंवा दुपारच्या चहाला. ही विभागणी लक्षात ठेवली तरी तुमचे निम्मे पैसे वाचतील.

आता बटरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नागपुरात क्रोसाँ जमणं न जमणं इथेच ठरतं.

बटर आणि पीठ दोन्ही साधारण १२ ते १६ अंशांच्या दरम्यान असेल तेव्हाच घडी नीट बसते. त्यापेक्षा गार असलं तर लाटताना बटरचे तुकडे पडतात आणि थर तुटक होतो. त्यापेक्षा गरम असलं तर ते पिठात शिरतं. लाटून, गुंडाळून, आकार दिल्यावर क्रोसाँ दोन-तीन तास फुगायला ठेवतात. तिथे ऊब लागते, पण २६-२७ अंशांपर्यंतच. त्याच्या वर बटर मऊ होऊन गळायला लागतं. तिशी ओलांडली की ते वितळतंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि रात्रीसुद्धा ओट्याची फरशी हाताला कोमट लागते. एसी खोली, गार संगमरवरी ओटा आणि चांगला डीप फ्रीजर नसेल तर नागपूरच्या उन्हाळ्यात खऱ्या बटरचा क्रोसाँ होऊच शकत नाही.

माझ्या दुकानाचं दुसरं वर्ष होतं. मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली आणि दोन तास आली नाही. सहा ट्रे फुगायला लावलेले होते. लाइट आल्यावर मी ते तसेच ओव्हनमध्ये घातले. वीस मिनिटांनी प्रत्येक ट्रेमध्ये बटरचं तळं साचलेलं, आणि त्यात खालून तळल्यासारखे झालेले, आतून गच्च पावासारखे क्रोसाँ. तो माल मी विकला नाही. पण त्या दिवशी मला बाकीच्या दुकानांच्या अडचणीही कळल्या. कोणी उन्हाळ्यात मार्जरीनकडे (वनस्पती तेलाच्या, बटरसारख्या चरबीकडे) का वळतं, कोणी गोठवलेला माल का आणतं, हे मी तेव्हापासून समजून घेतो. राग येतो तो मार्जरीन वापरून वर 'प्युअर बटर' अशी पाटी लावणाऱ्यांचा. एका पुरवठादाराने मलाही एकदा मार्जरीन मिसळलेली लादी बटर म्हणून दिली होती. पहिल्या घडीलाच हाताला कळलं. खरं बटर लाटण्याखाली थोडा विरोध करतं, ती लादी साबणासारखी सरकत होती.

याच्या उलट नागपूरची थंडी. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत इथली पहाट या कामासाठी केलेली असावी अशी असते. डिसेंबरमध्ये पारा १०-१२ पर्यंत उतरतो, तेव्हा पहाटे पाचला मी एसी न लावता लाटतो. बटर वागतं तसं वागतं, घाई करावी लागत नाही. तुमच्या बेकरीची खरी परीक्षा घ्यायची असेल तर डिसेंबरातल्या सकाळी घ्या. तेव्हाही क्रोसाँ गच्च निघाला तर दोष हवामानाचा नाही, हाताचा आहे.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. बटर सांभाळणं उन्हाळ्यापेक्षा सोपं असतं, पण हवेतला दमटपणा पापुद्रे दोन तासांत नरम करतो. उन्हाळ्यातली आपली कोरडी हवा पापुद्र्यांना उलट सोसते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पार्सल घेऊ नका, तिथेच बसून खा. घरी न्यायचाच असेल तर कागदी पिशवीत घ्या आणि पिशवीचं तोंड उघडं ठेवा. प्लास्टिकच्या डब्यात तो स्वतःच्याच वाफेने भिजतो.

आपल्याकडच्या बटरबद्दलही बोलायला हवं. भारतात टेबल बटरमध्ये कमीत कमी ८० टक्के दुधाची चरबी आणि जास्तीत जास्त १६ टक्के पाणी असावं असा नियम आहे. फ्रान्समध्ये बिनमिठाच्या बटरला किमान ८२ टक्क्यांचा नियम आहे, आणि घड्यांच्या कामासाठी तिथे ८४ टक्क्यांपर्यंतच्या चिवट लाद्या मिळतात. दोन-चार टक्क्यांचा फरक कागदावर लहान दिसतो, हाताखाली मोठा असतो. शिवाय घरोघरी असतं ते पिवळं बटर खारट. ते वापरलं तर पिठातलं मीठ कमी करावं लागतं, नाहीतर क्रोसाँ पाव-मस्क्यासारखा लागतो. आपलं बिनमिठाचं बटर वापरून उत्तम क्रोसाँ होतो, मी रोज करतो. हात थोडा जपून चालवावा लागतो आणि गार करायला वेळ जास्त द्यावा लागतो, इतकंच. परदेशी बटरचं नाव फळ्यावर लिहिलेलं पाहून दीडपट पैसे देऊ नका. आधी खाऊन बघा.

आता काउंटरसमोर उभं राहिल्यावर काय बघायचं. आधी रंग. आपल्याकडे पिवळसर, फिक्कट माल 'जळला नाही' म्हणून चांगला समजतात. क्रोसाँ तांबूस-तपकिरीच हवा, कडांना थोडा गडद. फिक्कट क्रोसाँ आतून कच्चट असतो आणि बटरची ती भाजलेली, खरपूस चव त्यात उतरलेलीच नसते. दुसरं, उचलून बघा. आकाराच्या मानाने हलका लागला पाहिजे. खालची बाजू कोरडी हवी. बोटाला तुपकट लागली तर फुगताना बटर गळलंय. मधून कापलात तर आत मधाच्या पोळ्यासारखी मोठी, असमान जाळी दिसेल. पावासारखी बारीक, सारखी जाळी दिसली तर थर मोडलेले आहेत.

मार्जरीनची परीक्षा मात्र जिभेवरच होते. बटर तोंडाच्या उबेने विरघळतं आणि मागे काही ठेवत नाही. पफ मार्जरीन मुद्दाम कडक केलेलं असतं, शरीराच्या उबेला ते पुरतं वितळत नाही, म्हणून खाऊन झाल्यावर टाळूला एक पातळ साय बसल्यासारखी वाटते. गरम चहाचा घोट घेतला की ती सुटते. खारी खातानाही हा अनुभव येतो. आपल्याला त्याची सवय असल्याने खुपत नाही. पूर्वी मार्जरीन आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटची मोठी भीती होती. जानेवारी २०२२ पासून भारतात तेला-तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे, त्यामुळे नियम पाळून केलेला माल आता पूर्वीइतका वाईट नाही. चवीचा प्रश्न तरी उरतोच.

दोन प्रश्न विचारायला लाजू नका : "हे आज कधी भाजलं?" आणि "इथेच लाटता की गोठवलेलं येतं?" पहिल्याचं उत्तर तासात मिळालं पाहिजे. 'ताजंच आहे' हे उत्तर नव्हे. दुसऱ्याचं उत्तर 'गोठवलेलं येतं' असं आलं तर नाक मुरडू नका. फ्रान्समध्येही अनेक दुकानं कारखान्यातून आलेले गोठवलेले क्रोसाँ भाजून विकतात. तिथे १९९८ च्या कायद्याने दुकानावर 'बुलांजरी' (म्हणजे पावाची बेकरी) ही पाटी लावायची तर पाव तिथेच मळून, तिथेच भाजावा लागतो, पण ती अट पावाची आहे, क्रोसाँची नाही. चांगल्या कारखान्यातला गोठवलेला क्रोसाँ सकाळी ताजा भाजलेला असेल तर तो हाताने केलेल्या कालच्या क्रोसाँपेक्षा चांगला लागतो. खरं बोलणारा दुकानदार मिळाला, तर मला तेवढं पुरतं.

भाव जास्त का, हेही आईंना सांगा. क्रोसाँच्या एकूण वजनात साधारण पाव हिस्सा बटर असतं, आणि बटर मैद्यापेक्षा दहापटीहून महाग. पहिल्या संध्याकाळी पीठ मळायचं आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं, दुसऱ्या दिवशी घड्या आणि आकार, तिसऱ्या पहाटे फुगवून भाजायचं. आज सकाळी तुम्ही उचललेला क्रोसाँ परवा संध्याकाळी सुरू झालेला असतो. आणि दुपारपर्यंत विकला गेला नाही की त्याची किंमत निम्मी. खारीला ही भीती नाही.

पण तुम्हाला संध्याकाळीच वेळ मिळत असेल तर? नोकरी करणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांचं तेच आहे. मग साधा क्रोसाँ सोडा आणि बदामाचा क्रोसाँ मागा. तो मुळात आदल्या दिवशीच्या उरलेल्या क्रोसाँतूनच जन्माला आला आहे : शिळा क्रोसाँ मधून कापायचा, साखरेच्या पाकात बुडवायचा, आत-बाहेर बदामाचं क्रीम लावायचं आणि पुन्हा भाजायचा. ताज्या क्रोसाँचा तो होतच नाही, पाक शोषून लगदा होतो. तो संध्याकाळीही छान लागतो. तसंच माकारोंचं. बदामाची पूड आणि अंड्याच्या पांढऱ्याची ती रंगीत टिकली एक दिवस फ्रीजमध्ये मुरल्यावरच चांगली लागते, कारण क्रीमचा ओलावा हळूहळू आत शिरून ती मऊ होते. लोणच्यासारखं मुरू द्यावं लागतं.

एक्लेअरचं तुम्ही लिहिलंत की गोडच नव्हतं. ती तक्रार मला आठवड्यातून चारदा ऐकू येते. एक्लेअर म्हटलं की आपल्याला आधी टॉफी आठवते, आणि तोंडाची तयारी पेढा-बर्फीची असते. फ्रेंच क्रीममध्ये साखर मुद्दाम हात राखून घालतात, कारण वरच्या चॉकलेटच्या थरात ती असते. कवच, क्रीम आणि चॉकलेट तिन्ही एका घासात आले पाहिजेत. आपल्याकडे बरेच जण आधी वरचं चॉकलेट चाटतात आणि मग म्हणतात क्रीम फिकं आहे. चावून खा. आणि आतलं क्रीम बघा : ते दूध, बलक, साखर आणि कॉर्नफ्लोअर घालून शिजवलेलं असतं. बलकात एक विकर (एन्झाइम) असतं, ते पिठाचा घट्टपणा मोडतं. क्रीमला पुरती उकळी येऊ दिली नाही तर ते विकर जिवंत राहतं आणि दुसऱ्या दिवशी क्रीम पातळ होऊन वाहायला लागतं. एक्लेअरमधून क्रीम गळत असेल तर कोणीतरी घाई केलेली आहे.

एक्लेअरच्या कवचाला यीस्ट नाही, सोडा नाही. पाणी आणि बटर उकळून त्यात मैदा घोटायचा, मग अंडी. ओव्हनमध्ये पाण्याची वाफ होते आणि ते कवच आतून पोकळ फुगतं. अंड्यानेच ती भिंत उभी राहते. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या शाकाहारी घरांना मी सरळ सांगतो : बिनअंड्याचं एक्लेअर माझ्याकडे मागू नका, मला ते मनासारखं जमलेलं नाही. मात्र क्रोसाँच्या पारंपरिक पिठात अंडं नसतंच. वरची चकाकी आणण्यासाठी अंडं फासतात, त्याऐवजी दूध-साय लावून घेता येते. आदल्या दिवशी सांगितलं तर बहुतेक बेकऱ्या करून देतात. मूस (फेटलेल्या क्रीमचा हलका गोड पदार्थ) किंवा चकचकीत थर असलेल्या केकमध्ये जिलेटिन असू शकतं, ते प्राण्यांपासून बनतं. उपास-तापास पाळणाऱ्या घरी नेणार असाल तर हे विचारूनच घ्या.

टार्टचा तळ ओला निघाला, याची कारणं दोन. एक म्हणजे तो सकाळी भरून ठेवला होता. दुसरं, कवचाला आतून काही लावलं नव्हतं. कवच आधी रिकामं भाजून, आतून पांढऱ्या चॉकलेटचा किंवा कोको बटरचा पातळ हात फिरवला की क्रीमचं पाणी आत शिरत नाही. हे काम पाच मिनिटांचं आहे, आणि ते टाळलेलं मला माफ करता येत नाही.

टार्टवर फळ कोणतं हेही बघा. मला नागपूरच्या बेकरीत थंडीतही गोठवलेल्या ब्लूबेरीचा टार्ट दिसला की वाईट वाटतं. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीची संत्री कळमन्याच्या मार्केटात ढिगांनी पडलेली असतात, आपल्या संत्र्याला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि आम्ही परदेशी बेरी लावतो! पण संत्र्याने काम करणं सोपं नाही, हेही खरं. आपलं संत्रं सुट्या सालीचं, भरपूर रसाचं, मऊ आंबटगोड. त्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होतो, कारण बिया आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या भागातून येणारं लिमोनिन नावाचं कडू द्रव्य रसात हळूहळू तयार होत जातं. म्हणून मी रस ऐनवेळी, बिया काढून, हलक्या हाताने पिळतो, लगेच बटर-अंड्यात शिजवतो, आणि आंबटपणा टिकावा म्हणून थोडं लिंबू पिळतो. खरी चव सालीच्या वरच्या नारिंगी भागात असते. ती किसून साखरेत चोळून ठेवायची, अर्ध्या तासात साखर ओली आणि सुगंधी होते. फोडी मात्र टार्टवर गिऱ्हाइकासमोर ठेवायच्या, आधी ठेवल्या की पाणी सुटतं. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेर फुललेल्या झाडांची, संत्री दिवाळीनंतर येतात, म्हणजे बटर लाटायचा आणि संत्र्याचा मोसम एकच. नोव्हेंबर-डिसेंबरात तुमच्या बेकरीला संत्र्याचा टार्ट करायला सांगा. दहा गिऱ्हाइकांनी मागितला की ते करतील.

क्रीमच्या मालाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. दूध-अंड्याचं क्रीम बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि आपल्या उन्हाळ्यात एक तास म्हणजे खूप झाला. एप्रिल-मेमध्ये एक्लेअर घेऊन बाजारात फिरू नका. सगळी कामं झाल्यावर शेवटी घ्या, घरी आल्या आल्या फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

क्रोसाँचं नेमकं उलट. तो फ्रीजमध्ये कधीच ठेवू नका. फ्रीजच्या गारव्यात पिठाचा स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो, तो बाहेरच्यापेक्षा आत लवकर शिळा होतो. जास्त आणले असतील तर त्याच दिवशी पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये घाला. खायच्या वेळी थेट १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं ओटीजीमध्ये, आणि बाहेर काढून पाच मिनिटं तसाच राहू द्या. गरमागरम असताना आतलं अजून बसलेलं नसतं. ताजाच गार झालेला असेल तर १५० ला पाच मिनिटं पुरतात, एअर फ्रायरमध्ये त्याहून कमी. ओव्हन नसेल तर जाड तवा, अगदी मंद आच, झाकण नाही, दोन्ही बाजू. मायक्रोवेव्ह आतल्या पाण्याला तापवतो. ती वाफ पापुद्रे भिजवते आणि गार होताना सगळं चिवट होतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालं.

बरोबर काय प्यायचं? फ्रेंच माणूस क्रोसाँ कॉफीत बुडवतो, त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. तुम्ही चहात बुडवा. फक्त आलं-वेलची जरा कमी घाला, बटरची चव दबते. जाम, चॉकलेट, चीज घातलेले क्रोसाँ नंतर. पहिल्यांदा साधाच, आणि रिकाम्या पोटी.

तेव्हा पुढच्या रविवारी सकाळी आठ-साडेआठला जा, भट्टीची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा. तुमच्यासाठी एक साधा क्रोसाँ. आणि आईंसाठी पामिए असेल तर ती घ्या : पफ पेस्ट्रीत बटरच्या थरांसोबत साखर घालून दोन्ही बाजूंनी गुंडाळलेली, पानासारखी दिसणारी, साखर भाजून काचेसारखी झालेली. त्यात अंडं नसतं, यीस्ट नसतं, आणि ती घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस कुरकुरीत राहते. म्हणजे घरी आणून खारीच्याच डब्यात ठेवता येईल. आईंना सांगा, ही बटरमध्ये केलेली गोड खारी आहे. दुपारी चारच्या चहात बुडवून त्यांना काय वाटलं ते मला नक्की कळवा.